जावात खायला जाताय? या चुका टाळा

सकाळचे पावणेअकरा. जावा बेटावरच्या योग्याकार्तातल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी गुदेग विकायला बसणाऱ्या बाई पातेली घासत होत्या. माझ्यामागे पुण्याहून आलेले पाच पाहुणे. हॉटेलचा नाश्ता फुकट म्हणून आधी ब्रेड-ऑम्लेट, मग आंघोळी, मग फोटो, आणि मग ‘चल, आता तो तुमचा गुदेग खाऊ’. बाईंनी हात पुसले, हसल्या आणि म्हणाल्या, ‘साम्पुन तेलास.’ संपला.

६ वर्षं मी त्या शहरात राहिले. बोरोबुदुर बघायला म्हणून माझ्याकडे उतरलेल्या मराठी माणसांची मोजदाद ठेवली नाही. स्तूप सगळ्यांनी नीट पाहिला. खाण्याच्या बाबतीत मात्र प्रत्येक जण आधीच्याच्या चुका नव्याने करून गेला. त्यातल्या दोन चुकांचा मला खरोखर त्रास होतो, म्हणून त्यांच्याबद्दल सविस्तर लिहिते. बाकीच्या थोडक्यात.

घड्याळ न बघता बाहेर पडणं

गुदेग म्हणजे कोवळा फणस. मी चिपळूणची, कुयरीची भाजी खात वाढलेली. त्यामुळे पहिल्या दिवशी ओळखीचं माणूस भेटल्यासारखं झालं, आणि पहिल्या घासाला कळलं की हे प्रकरण वेगळं आहे. फणस नारळाच्या दुधात, माडाच्या गुळात, लसूण-धणे घालून मंद आचेवर तासन्‌तास शिजतो. पातेल्यात सागाची पानं घालतात, त्यांनी तो गडद तपकिरी होतो. चव सरळसरळ गोड. वर ‘आरेह’, म्हणजे आटवलेलं नारळाचं दूध.

रात्रभर चुलीवर असलेलं हे पातेलं पहाटे बाहेर येतं. पातेलं एकच असतं. ते संपलं की त्या बाईंचा दिवस संपला, दुपारसाठी दुसरं कुणी लावत नाही. विजिलान गल्लीतल्या दुकानांत गुदेग दिवसभर मिळतो, बांधूनही देतात. तो कोरडा, टिकाऊ प्रकार. मला त्याचं वावडं नाही. पण पहाटे रस्त्याकडेला बुटक्या स्टुलावर बसून, केळीच्या पानाच्या द्रोणातून वाफाळता भात आणि ओला गुदेग खाणं ही गोष्ट वेगळी, आणि ती साडेनऊनंतर मिळत नाही.

जावात प्रत्येक पदार्थाची वेळ ठरलेली आहे. सोतो (मांसाचा पातळ रस्सा), पेचेल (शेंगदाण्याच्या चटणीतल्या भाज्या), गुदेग सकाळचे. दुपारी वारुंगमध्ये, म्हणजे छोट्या खाणावळीत, भात आणि काचेमागे मांडलेल्या भाज्या-कालवणं. साते (काडीवर भाजलेलं मांस), तळलेला मासा, बाक्मी (नूडल्स) हे दिवेलागणीनंतर. सोलो शहरातल्या मार्गोयुदान भागात कोंबडीच्या पायांचा गुदेग मध्यरात्र उलटल्यावर विकायला येतो आणि लोक झोपमोड करून जातात. रमजानमध्ये दिवसा बरीच वारुंगं बंद असतात किंवा पडदा लावून चालतात. ईदच्या आठवड्यात तर विक्रेते गावी गेलेले असतात. त्या आठवड्याचं विमानाचं तिकीट काढून मग ‘काही उघडंच नव्हतं’ म्हणू नका.

माझी सवय साधी आहे. हॉटेल घेताना नाश्ता नसलेली खोली घ्यायची. नाश्ता समोर असला की माणूस खातोच. गजर साडेपाचचा. आदल्या संध्याकाळी हॉटेलच्या रखवालदाराला विचारायचं की तुम्ही सकाळी कुठे खाता. त्याने सांगितलेली जागा फोनवरच्या तारांकित यादीपेक्षा दरवेळी सरस निघाली आहे.

हीच गोष्ट उलट बाजूने बाक्मी जावाची. या नूडल्स कोळशाच्या शेगडीवर, एका वेळी एकच प्लेट, अशा शिजवतात. पंख्याने वारा घालायचा, बदकाचं अंडं फोडायचं, रस्सा घालायचा, एक प्लेट उतरवायची, मग दुसरी चढवायची. तुमच्या आधी आठ जण असले तर तास जातो. आमच्या एका पाहुण्यांनी त्या काकांना सुचवलं की चार प्लेटी एकदम टाका, वेळ वाचेल. काकांनी मान डोलावली आणि एकेकच करत राहिले. त्यांचं बरोबर होतं. चार प्लेटींचा माल एका कढईत टाकला तर आच बसते, नूडल्सचा लगदा होतो आणि कोळशाच्या धुराचा वास अंगाला लागत नाही. ज्यांना थांबायचं नाही त्यांच्यासाठी मॉलमध्ये फूड कोर्ट आहेत, त्यांनी तिथे जावं. हे मी मनापासून सांगते आहे. घाईत खाल्लेल्या बाक्मीवरून मत बनवण्यापेक्षा ती न खाल्लेली बरी.

‘नो मीट’ म्हणून निर्धास्त होणं

ही चूक आठवली की अजून पोटात कालवतं.

नाशिकच्या एक काकू आमच्याकडे आल्या होत्या. वारकरी घर, गळ्यात तुळशीची माळ, जन्मात अंड्यालाही हात न लावलेला. मला त्या दिवशी कामावर जायचं होतं. काका-काकू दोघंच गुदेग खायला गेले. दुकानात काकांनी व्यवस्थित सांगितलं, ‘नो मीट, नो चिकन, नो एग.’ पोऱ्याने मान हलवली. कोंबडी काढली, अंडं काढलं, भात वाढला, फणस वाढला आणि बाजूला लालसर रश्शाचं काहीतरी वाढलं. काकूंनी पाहिलं तर त्यात चवळी. अगदी आपली चवळी. आणि चवळीबरोबर रस्सा प्यायलेले मऊ तुकडे.

संध्याकाळी त्या मला कौतुकाने सांगत होत्या, ‘अगं, चवळीची उसळ काय सुरेख करतात! त्यात सोयाबीनच्या वड्या घालतात बघ. मी दोनदा मागून घेतली.’

मी गप्प झाले. त्यांना ते कळलं, त्यांनी विचारलं, आणि मला खोटं बोलवेना. त्या वड्या नव्हत्या. त्याला क्रेचेक म्हणतात. गाई-म्हशींचं कातडं वाळवून, तळून, मिरच्या आणि नारळाच्या दुधात शिजवलेलं. गुदेगच्या ताटात ते असतंच, आपल्या ताटात लोणचं असावं तसं.

काकू उठल्या, चूळ भरून आल्या आणि माळ हातात धरून बराच वेळ बसून राहिल्या. मला एका शब्दाने बोलल्या नाहीत. पुढचे तीन दिवस केळी, पपई आणि बॅगेतल्या दशम्या यांवर काढले. सकाळी निघताना दोन मिनिटं थांबून त्यांना क्रेचेकबद्दल सांगितलं असतं तर हे टळलं असतं, हे मी विसरलेले नाही.

दुकानातल्या पोऱ्याचा दोष नव्हता. तिथल्या बोलण्यात ‘दागिंग’ म्हणजे मांस, आणि ते ऐकल्यावर माणसाच्या डोळ्यापुढे गोमांसाचा तुकडा येतो. कोंबडीही त्यात धरतीलच असं नाही. कातडं नाही, वाळवलेली कोळंबी नाही, कोळंबीचा आंबवलेला गोळा तर नाहीच. त्याच्या हिशेबात त्याने सांगितलेलं सगळं पाळलं होतं.

म्हणून ‘शाकाहारी’ हा शब्द सोडून द्या आणि जिन्नस विचारा. मी पाहुण्यांना एका कागदावर लिहून देते: ‘सया तिदाक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, तेलुर, क्रेचेक, तेरासी.’ मांस, कोंबडी, मासे, कोळंबी, अंडी, क्रेचेक, तेरासी मी खात नाही. यातला शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. तेरासी म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, आणि तो बहुतेक सांबालमध्ये असतो. सांबाल म्हणजे नुसती मिरचीची चटणी असं समजून किती जण बिनधास्त खातात! एबी म्हणजे सोडे, ते भाजीच्या रश्श्यात सापडतात. पेतिस म्हणजे कोळंबीचा काळा दाट अर्क. क्रुपुक उदांग हा पापड कोळंबीचा, आणि रांबाक हा कातड्याचा. एम्पिंग मात्र मेलिंजोच्या बियांचे, ते खुशाल खा.

खाता येण्यासारखं खूप आहे. तेम्पे बाचेम घ्या. तेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. नारळाच्या पाण्यात गूळ-धणे घालून शिजवलेलं आणि मग तळलेलं तेम्पे, बाहेरून जवळजवळ काळं, आतून मऊ. तळलेलं ताहू, म्हणजे टोफू. उकडलेल्या भाज्यांवर मसाल्याचा ओला नारळ पेरलेलं गुदांगान, ते तर आपल्याच घरातलं वाटतं. कांदा-लसूण न खाणाऱ्यांना मात्र मी स्पष्ट सांगते की रस्त्यावर तुमचं जमणार नाही, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

आणि सगळ्यात भरवशाचं लोटेक, कारण ते तुमच्या डोळ्यांदेखत होतं. चौथ्या दिवशी मी काकूंना अशाच एका टपरीवर घेऊन गेले. गर्दीच्या वेळी नाही, सकाळी दहाला, बाईंना बोलायला सवड असते तेव्हा. काळ्या दगडाचं पसरट खलपात्र पुढ्यात. बाईंनी त्यात लसणाची पाकळी, मीठ, केंचूरचा तुकडा टाकला. केंचूर हा आल्याच्या कुळातला, कापराकडे झुकणाऱ्या वासाचा कंद. तेरासीच्या डबीकडे हात जाण्याआधी मी ‘तान्पा तेरासी, बू’, म्हणजे ‘तेरासीशिवाय, बाई’ म्हटलं. डबी बाजूला गेली. मग त्यांनी विचारलं मिरच्या किती. काकूंनी एक बोट वर केलं. मग गूळ, चिंचेचा कोळ, तळलेले शेंगदाणे. दगडी बत्ता आडवा धरून गोल गोल रगडत त्यांनी वाटण केलं आणि उकडलेला पालक, मोड आलेले मूग, कोबी त्यातच घोळवला. काकू पहिल्यापासून शेवटपर्यंत त्या दगडावर नजर लावून उभ्या होत्या. मग बाकावर बसल्या आणि सगळं संपवलं. दुसऱ्या दिवशी स्वतः चालत गेल्या, मला न सांगता.

नावावरून अंदाज बांधणं

जोग्जात (योग्याकार्ताला सगळे असंच म्हणतात) ‘रुजाक’ मागितलं तर फळांच्या फोडी आणि गूळ-मिरचीचं वाटण मिळतं. त्या आठवणीवर सुराबायात रुजाक चिंगुर मागवू नका. चिंगुर म्हणजे गाईचं नाक-ओठ. रावोन हा काळाभोर रस्सा दिसायला आपल्या काळ्या मसाल्याचा वाटतो. त्याचा काळेपणा केलुआकच्या बियांचा (कच्च्या असताना विषारी, नीट प्रक्रिया केल्यावरच खातात), आणि आत गोमांस असतं. ‘सापी’ म्हणजे गाय-बैल, ‘कांबिंग’ म्हणजे बकरा, ‘केरबाउ’ म्हणजे म्हैस. एवढे तीन शब्द पाठ केलेत तर निम्मी काळजी मिटते.

एक गोष्ट मांसाहार करणाऱ्यांनीही लक्षात ठेवावी, कारण कुठल्याही यादीत ती नसते. सोलोत ‘साते जामू’ आणि जोग्जात ‘सेंग्सू’ अशी पाटी दिसली तर ते कुत्र्याचं मांस असतं. जामू म्हणजे औषधी काढा, म्हणून काहीतरी आरोग्यदायक असेल असं वाटून आत शिरू नका. खरा जामू, म्हणजे हळद-चिंचेचा किंवा तांदूळ-केंचूरचा, पाठीवर टोपलीत बाटल्या बांधून बायका विकतात. जामूच्या परंपरेला २०२३ मध्ये युनेस्कोच्या यादीत स्थान मिळालं. तो जरूर प्या.

नासी कुचिंग म्हणजे ‘मांजराचा भात’. मांजराला घालावा तेवढासा म्हणून ते नाव. बीर जावामध्ये दारूचा थेंब नसतो, आलं-लवंग-दालचिनीचं फेसाळ पेय आहे ते. आणि कुदुस गावच्या सोतोत परंपरेने गाईऐवजी म्हशीचं मांस घालतात. सोळाव्या शतकातले संत सुनान कुदुस यांनी हिंदू शेजाऱ्यांच्या भावनांचा मान ठेवून गाय कापू नका असं सांगितल्याची तिथे आठवण सांगतात. मला ही आठवण फार जवळची वाटते. ज्या वारुंगमध्ये मी ती ऐकली, तिथून हलायला माझं मन होईना.

अंगक्रिंगानवर हॉटेलसारखं वागणं

अंगक्रिंगान म्हणजे हातगाडी, वर ताडपत्री, तीन बाजूंना बाक, एका टोकाला कोळशाच्या निखाऱ्यांवर तीन किटल्या. सोलोत यालाच ‘हिक’ म्हणतात. गाडीवर कागदात बांधलेले मुठीएवढे भात, तळलेलं तेम्पे, आतड्यांच्या आणि लाव्याच्या अंड्यांच्या काड्या. इथे वाढपी नसतो, मेन्यू नसतो. हवं ते उचलायचं, गरम हवं असेल तर ‘दिबाकार’ म्हणून निखाऱ्यावर शेकायला द्यायचं. उठताना आपणच सांगायचं, दोन भात, तीन तेम्पे, एक चहा. गाडीवाला त्यावर विश्वास ठेवून बेरीज करतो. माझ्या पाहुण्यांपैकी काही जण मोजायचे विसरले आणि ‘अंदाजे’ सांगून मोकळे झाले. हे मला अजिबात चालत नाही. काड्या आणि कागद समोर ठेवा, टाकू नका, हिशेब आपोआप राहतो.

काड्या चिवडून परत ठेवणं तर फारच वाईट. बोट दाखवायचं असेल तर उजव्या हाताचा अंगठा वापरा, तर्जनी रोखणं उद्धट समजतात. पुरुषाला ‘पाक’ किंवा तरुण असेल तर ‘मास’, बाईंना ‘बू’ किंवा ‘म्बाक’ म्हणा. हाक मारल्याशिवाय मागणं हे आपल्याकडे जेवढं खटकतं तेवढंच तिथेही.

जोग्जाच्या तुगू स्टेशनच्या उत्तरेला कोपी जोस मिळते. कॉफीच्या पेल्यात लालबुंद निखारा सोडतात, चर्र आवाज होतो. व्हिडिओ काढून पेला तसाच ठेवून जाणारे मी डझनाने पाहिलेत. निखारा विझू द्या, खाली बसू द्या, मग सावकाश प्या.

एकेका ओळीच्या चुका

तळलेल्या माशाबरोबर लिंबाची फोड घातलेल्या वाटीत पाणी येतं. ते हात धुवायचं, पिऊ नका.

नुसता ‘तेह’ मागितला तर चहा साखर घालूनच येतो. बिनसाखरेचा हवा तर ‘तेह तावार’.

कोपी तुब्रुकचा (न गाळलेल्या कॉफीचा) गाळ तळाशी असतो, शेवटचा घोट सोडा.

पाटीवर १५ लिहिलं असेल तर ते १५,००० रुपिया.

मोठी नोट घेऊन अंगक्रिंगानवर जाऊ नका. दोन, पाच, दहा हजारांच्या नोटा वेगळ्या खिशात ठेवा.

तेम्पेवरची पांढरी बुरशी म्हणजेच तेम्पे. खराब झालं म्हणून परत करू नका.

साते क्लाथाकच्या लोखंडी काड्या दोनच येतात, तेवढंच ताट असतं.

जोग्जाच्या मालिओबोरो रस्त्याच्या फुटपाथवर चटईवर बसून जेवायचं असं जुन्या लेखांत वाचून येऊ नका, तिथल्या विक्रेत्यांना २०२२ मध्ये तेरास मालिओबोरो बाजारांत हलवलं. आणि चटई कुठेही असो, दरपत्रक नसेल तर बसण्याआधी ‘बेरापा?’ (किती?) विचारा. आमच्या पाहुण्यांनी एकदा विचारलं नाही आणि चार माणसांचे दुप्पट पैसे दिले.

‘सगळं गोडच आहे’ म्हणून ठेच्याची बाटली काढणं

मध्य जावाचं जेवण गोड आहे, पूर्वेकडे सुराबायाकडे जाल तसं खारट-तिखट होतं. डचांनी १८३० पासून शेतकऱ्यांवर ऊस लादला, त्यातून हा गोडवा आला असं पुष्कळ जण सांगतात. कारण काहीही असो, दुसऱ्याच घासाला गुदेगवर ठेचा ओतणाऱ्याला गुदेग कळत नाही. क्रेचेक खात असाल तर तिखट त्यातच आहे. नसेल खायचं तर शेजारी हिरवी मिरची ठेवलेली असते, ती चावत खा. तीन दिवस द्या जिभेला. मला पूर्ण आठवडा लागला होता.

घरी बोलावलं तर

चहा समोर आला की उचलू नका. यजमान ‘मोंगो’ (घ्या) म्हणेपर्यंत थांबायचं. सोलोकडच्या पारंपरिक लग्नात बुफे नसतो, पाहुणे खुर्च्यांवर बसून राहतात आणि पोरं ताटांच्या थाळ्या घेऊन फिरतात. आधी पेय, मग सूप, मग भात, मग आइस्क्रीम किंवा बर्फाचं गोड. ते गोड आलं म्हणजे निघायची वेळ झाली. आमच्या एका पाहुण्यांनी सूप हेच जेवण समजून दोनदा मागितलं आणि भात आला तेव्हा त्यांना जाईना.

पोट बिघडलंच तर

बर्फाला दोष देण्याआधी आदल्या दिवशी किती नारळाचं दूध आणि तळण पोटात गेलं ते आठवा. मधे भोक असलेला गोल बर्फ कारखान्यातला असतो, मी तो खाते. फोडलेल्या लादीचा टाळते. नळाचं पाणी पीत नाही. ‘आपोतेक’मध्ये (औषधाच्या दुकानात) जाऊन ‘ओरालित’ मागा, ते आपलं ओआरएस. एक दिवस नुसता भात, बिनतिखट ताहू आणि तेह तावार. रक्त पडलं किंवा ताप आला तर सरळ डॉक्टर. बरं वाटल्यावर पहिलं खाणं सकाळचं घ्या, गरम पातेल्यातलं, आणि सहाच्या आत पोचा.